लिलावात जुनी नाणी, दागिने आणि लहान पुरावस्तू: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

आजीच्या पेटीतली पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ विकायची आहे, किंवा शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचा, नाद लागलाय आणि लिलावात बोली लावून बघायची आहे, असं विचारणारे बरेच जण भेटतात. दोघांनाही मी आधी एकच विचारतो: कागद काय आहेत? वस्तू खरी की खोटी हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो दुसरा. ती इथवर कुणाकुणाच्या हातून आली हे सांगता येत नसेल, तर अस्सल वस्तूसुद्धा गळ्यात पडते आणि चांगली लिलाव कंपनी तिला हात लावत नाही. म्हणून सुरुवात कागदापासून करू.

पहिली पायरी: कायदा समजून घ्या

भारतात याचा मुख्य कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलाकृतींचा. तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं, मूर्ती, चित्र, कोरीव लेख, कारागिरीची वस्तू हे सगळं त्यात पुरावस्तू ठरतं. हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. ही शंभराची रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९१८ सालचा पंचम जॉर्जचा रुपया अजून कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाला ताटात निघतो, तोही आता या व्याख्येत आला.

घाबरू नका, अशी वस्तू घरात असणं किंवा भारतातल्या भारतात विकत घेणं हा गुन्हा नाही. पण तीन बंधनं पक्की लक्षात ठेवा. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो, तेव्हा लिलाव कंपनीकडे तो आहे का हे विचारायला अजिबात संकोच करू नका. दुसरं, काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे: दगड, भाजकी माती, धातू, हस्तिदंत, हाड आणि लाकूड यांतली शिल्पं, सर्व माध्यमांतली चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं. म्हणजे देव्हाऱ्यातली वीतभर पितळी मूर्ती शंभर वर्षं जुनी असेल तर तिचं नोंदणीपत्र हवं, आणि मालक बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवायलाही हवं. नाणी आणि दागिने या सक्तीच्या यादीत नाहीत, त्यामुळे नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. तिसरं बंधन सगळ्यात कडक: पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. खाजगी माणसानं नेली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद.

एक दुसरा कायदाही याच सुमाराचा, १९७२ चाच, वन्यजीव संरक्षणाचा. वाघनख मढवलेलं लॉकेट, हस्तिदंती फणी, हस्तिदंती मुठीचा चाकू या वस्तू कितीही जुन्या आणि कितीही देखण्या असोत, त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. एखाद्यानं 'अँटिक आहे, चालतं' असं सांगितलं तर त्याच्याकडून बाकीचंही काही घेऊ नका.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंबद्दल जरा थांबून बोलतो, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न रोजचा आहे. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन इथल्या जुन्या वस्तीच्या पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, पहिल्या पावसानंतर मणी वर येतात. अकीकाचे, काचेचे, कधी शिशाचं सातवाहन नाणंही. गावातलं कुणीतरी ते मूठभर गोळा करतं, आठवडी बाजारात एखादा फिरता व्यापारी घेतो, आणि मग ते 'जुना खाजगी संग्रह' म्हणून शहरात पोचतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण कायदा जिवंत आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे का महत्त्वाचं, ते जोगळटेंभीवरून कळतं. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली क्षहरात घराण्यातला राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणून सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केल्याचा पुरावा हातात आला. तीच नाणी दहा-दहाच्या पुड्यांत विकली गेली असती तर प्रत्येक नाणं अस्सलच राहिलं असतं, पण किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती तशीच आहेत हे कुणालाच कळलं नसतं. मण्याच्या भोकात ताजी पांढरी माती दिसली आणि कागद काहीच नसेल, तर घेऊ नका. असा माल घेतला की पुढच्या खणतीला आपणच पैसे पुरवतो.

दुसरी पायरी: अस्सल वस्तू भरपूर बघा

कॅटलॉग उघडण्याआधी दोन-तीन महिने संग्रहालयांत घालवा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, शिवाय छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. घरगुती वस्तूंचा, म्हणजे अडकित्ते, दिवे, कुलपं, करंडे यांचा नाद असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुन्हा पुन्हा बघावं. काचेतून बघतानाही कडा बघा, झीज कुठे झाली आहे ते बघा. वापरानं झिजलेली वस्तू उंच भागावर झिजते. ओतीव नक्कल सगळीकडे सारखीच मऊ दिसते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की फोटोवरूनही जाणवायला लागतो.

तिसरी पायरी: कॅटलॉग वाचा

प्रत्येक वस्तूला किंवा वस्तूंच्या गटाला लॉट नंबर असतो. त्याखाली वर्णन, धातू, वजन, माप, स्थिती, अंदाजित किंमत आणि असला तर आधीचा मालक किंवा आधीचा लिलाव. नवखे लोक अंदाजित किंमत वाचतात. तुम्ही शेवटची ओळ वाचा. 'अमुक सालच्या लिलावातून, लॉट अमुक' असं असेल तर तो जुना कॅटलॉग मागवून फोटो जुळवता येतो. 'खाजगी संग्रह' एवढंच असेल तर कंपनीला ईमेल करा: विक्रेत्याकडे वस्तू कधीपासून आहे, याचा काही लेखी पुरावा आहे का? मालकाचं नाव ते सांगणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, पण उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं.

कागद पक्के असले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथल्या स्तूपातून १८९८ साली विल्यम पेप्पे या जमीनदारानं खणून काढलेली रत्नं मे २०२५ मध्ये हाँगकाँगला सोदबीज या लिलाव कंपनीकडून विक्रीला निघणार होती. ती पेप्पे कुटुंबाकडे कशी आली हे सगळ्या जगाला माहीत होतं. तरीही बुद्धाच्या अस्थींबरोबर ठेवलेल्या वस्तू विकायच्या कशा, हा प्रश्न उठला, भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती रत्नं भारतात परत आली. पूजेतल्या वस्तूंबाबत हे भान आपणही ठेवलेलं बरं. जुने चांदीचे टाक लिलावात दिसतात. कुणाच्या तरी देवघरातला खंडोबा, कुणाची तरी तुळजाभवानी. झिजलेले टाक आपल्याकडे विसर्जन करायची रीत आहे, त्यामुळे बाजारात आलेला टाक घरातून दिलेला की देवळातून उचललेला, हे विचारल्याशिवाय मी तरी बोली लावत नाही.

चौथी पायरी: वस्तू हातात घ्या

लिलावाच्या आधी पाहणीचे दिवस असतात. मुंबईपर्यंत जायचा खर्च वाटतो, पण पहिली काही वर्षं फक्त फोटो बघून महाग वस्तू घेऊच नका. बरोबर दहापट भिंग, लहान टॉर्च आणि वही न्या. नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड असू द्या.

आधी कड बघा. दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ कडेवर फिरत असेल तर ते ओतलेलं आहे. मग सपाट भाग भिंगाखाली घ्या: बारीक खड्डे, बुडबुड्यांच्या खुणा ओतकामाच्या. ठसा मारलेल्या नाण्याची अक्षरं पायाशी धारदार असतात. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर एकसारखा आणि रंगवल्यासारखा दिसला तर शंका घ्या.

शिवराईपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरांचे आणि टिंबांच्या वर्तुळांचे प्रकार इतके आहेत की फक्त त्यांचाच संग्रह करणारे लोक आहेत. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई नंतरची, ती भरपूर आणि स्वस्तात मिळते. शिकायला तीच घ्या. सोन्याचा शिवकालीन होन मात्र फार दुर्मीळ आहे आणि बाहेर फिरणारे बहुतेक नकली आहेत. कुणी घरच्या घरी होन विकायला आणला तर भावाची चर्चाच करू नका.

वस्तू घरी आल्यावर एक चाचणी नक्की करा. परताव्याची मुदत थोडी असते, म्हणून पहिल्या दिवशीच. सेंटिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, आणि नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा बाजूला न टेकवता धरा. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. समजा कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया आहे. त्याचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. तुमचा रुपया थोडा झिजून ११.६० ग्रॅम भरला आणि पाण्यात आकडा १.१३ आला, तर भागाकार १०.२७. या मिश्रणाला १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे ठीक. साडेआठच्या जवळ आला तर आत पितळ आहे. चांदीचा मुलामा डोळ्यांना फसवतो, या भागाकाराला नाही.

दागिन्यांचं वेगळं. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, तेव्हा पाण्याची चाचणी चालत नाही आणि वजनातलं सोनं किती, लाख किती हे विचारावंच लागतं. सराफाकडचं कॅरट मोजायचं यंत्र पृष्ठभागाजवळचंच वाचतं, जाड मुलामा असेल तर तेही चकतं. मोत्यांच्या जुन्या नथीवर 'बसरा मोती' लिहिलेलं असेल आणि किंमत त्या हिशोबानं लावली असेल, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. नैसर्गिक आणि संवर्धित (माणसानं शिंपल्यात वाढवलेल्या) मोत्यातला फरक खात्रीनं सांगायला एक्स-रे लागतो. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्था असं काम करतात. जपानी संवर्धित मोती १९२० च्या दशकापासून बाजारात पसरले, तेव्हा 'पणजीची नथ' एवढ्यावर भागत नाही.

पुतळ्यांची माळ हा माझा आवडता विषय. तिच्यातल्या चकत्यांचं मूळ व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यात आहे: साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सोनं, एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसरीकडे ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. व्यापारातून ते इकडे आले, माळेत गुंफले गेले, आणि मग आपल्या सोनारांनी तसेच ठसे करून पुतळ्या घडवल्या. भिंगाखाली लॅटिन अक्षरं नीट वाचता आली तर ते व्हेनिसचं नाणं असू शकतं, १७९७ च्या आधीचं, कारण त्या साली ते प्रजासत्ताक बुडालं. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या असतील तर ती इथली घडण. एकाच माळेत दोन्ही सापडतात. इथली घडण कमी दर्जाची असं मी मानत नाही. ती आपल्या सोनारकामाचा दस्तऐवज आहे. फक्त किंमत वेगळी, आणि कडी जोडलेल्या नाण्याचा नाणं म्हणून भाव कमी होतो हेही धरा.

पाचवी पायरी: बोली

बोलीआधी नाव नोंदवावं लागतं: पॅन, आधार, कधी अनामत. बोली हॉलमध्ये, फोनवर, ऑनलाइन किंवा आधीच लेखी देऊन लावता येते. नवख्यांसाठी लेखी बोली चांगली. आकडा शांतपणे घरी ठरतो.

हातोडा पडला तो आकडा तुमचा खर्च नव्हे. त्यावर कंपनीचा खरेदीदाराकडून घ्यायचा प्रीमियम आणि कर येतात. समजा प्रीमियम १५ टक्के, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. ४०,००० ला हातोडा पडला तर ६,००० प्रीमियम आणि १,०८० कर धरून ४७,०८०, वस्तूवरचा कर आणि कुरिअर-विमा वेगळे. उलट हिशोब करा: हातात ४०,००० च असतील तर ३४,००० च्या खालीच थांबायला हवं. प्रत्येक कंपनीचे दर वेगळे असतात, अटींच्या पानावर दिलेले असतात. त्याच पानावर नकली निघाल्यास परत घेण्याची मुदत असते; ती नसेल तर तिथे बोली लावू नका. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, आणि 'बिल नको असेल तर स्वस्त' म्हणणाऱ्याला कधीच होकार देऊ नका. बिल हाच तुमच्या वस्तूचा पुढचा कागद. ते, लॉटचं छापील पान आणि आलेले ईमेल एकाच पाकिटात ठेवा.

परदेशातून घेणाऱ्यांसाठी थोडं. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात घेतली, ती ऑगस्टमध्ये मुंबईत आली. हाताळणी, वाहतूक, विमा धरून सुमारे ४७ लाख रुपये लागले. लंडन किंवा न्यू जर्सीत राहून भारतीय वस्तू घेणाऱ्या मराठी माणसानं एकच विचारावं: ही भारताबाहेर कधी गेली आणि त्याचा पुरावा काय? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि त्याआधीपासून बाहेर असल्याचा पुरावा चांगले संग्राहक मागतातच. वस्तू भारतात आणली आणि ती शंभर वर्षांची असेल, तर पुन्हा बाहेर नेता येईल असं गृहीत धरू नका. आजीची शंभर वर्षांची नथ परदेशी नेण्यालाही हाच कायदा लागू होतो. जुन्या घाटाचा पण नवा दागिना असेल तर तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवून मगच विमानतळावर जा.

सहावी पायरी: विकताना

सगळ्यात आधी: धुऊ नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाही. शंभर-दोनशे वर्षांत धरलेला रंग एकदा घासला की परत येत नाही, आणि जाणकार खरेदीदार चकचकीत शिवराई बाजूला सारतो. माळेतल्या सुट्या पुतळ्या काढून विकू नका. जुना रेशमी गोफ तुटायला आला असेल तरी तसाच दाखवा. पटवेकऱ्याकडून नव्यानं गाठवून घेतली तर जुन्या गाठवणीची खूण जाते.

मग सराफाकडे मोडीचा भाव विचारा, विकायला नाही, तळ कळायला. नुसत्या सोन्याचा भाव आणि लिलावाचा अंदाज यांत फारसा फरक नसेल तर कमिशन आणि महिनोन्महिने वाट बघणं परवडत नाही. पण घडण जुनी, पूर्ण आणि घरचा इतिहास सांगता येण्याजोगी असेल, तर ती वितळवणं हे मला बघवत नाही. लग्नातल्या फोटोत पणजीच्या गळ्यात तीच वज्रटीक दिसते आहे? तो फोटो, वाटणीपत्रातली नोंद, जुनी सराफी पावती, सगळं द्या. याच कागदांवर बोली चढते.

करारात पाच गोष्टी बघा: विक्रेत्याचं कमिशन, राखीव किंमत (जिच्या खाली वस्तू विकायची नाही तो आकडा), फोटो-विम्याचा खर्च कुणाचा, विकली गेली नाही तर काय आकारणार, आणि पैसे किती दिवसांत. राखीव किंमत फार वर ठेवली तर वस्तू विकली जात नाही, आणि एकदा परत आलेली वस्तू पुढच्या लिलावात शिळी दिसते. घरात भावंडं असतील तर सर्वांची लेखी संमती आधी घ्या. हातोडा पडल्यावर आलेली हरकत सगळ्यांनाच महागात पडते.

'तुमचं जुनं नाणं लाखांत घेतो, आधी नोंदणी फी भरा' असे फोन आणि जाहिराती सरळ फसवणूक आहेत. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. अस्सल लिलाव कंपनी विकण्याआधी अशी फी घेऊन अंदाज सांगत नाही.

शेवटी कर. सोनंनाणं घरचं आहे म्हणून करातून सुटत नाही. दागिने आणि पुरातत्त्वीय संग्रह ही आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानं २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या अशा वस्तूंवरच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे. वारशानं आलेल्या वस्तूला मूळ मालकानं घेतल्याची किंमत धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या, आणि वस्तू लिलाव कंपनीकडे सोपवण्याच्या आधी, कारण मूल्यांककाला ती हातात घेऊन तोलावी लागते.